शिर्डीच्या गाडीनं कोपरगाव: भाड्याच्या गाडीचा एक दिवस

नाशकात भाड्याच्या गाडीसाठी फोन केला की समोरचा माणूस कुठं जायचंय हे विचारतच नाही. "शिर्डी-शिंगणापूर, का नुसती शिर्डी?" एवढंच विचारतो. मी म्हटलं, कोपरगाव. पलीकडे जरा शांतता. मग, "म्हणजे शिर्डीच ना काकू? कोपरगाव स्टेशनवरून कुणाला घ्यायचंय का?" नाही रे बाबा. कोपरगावलाच जायचंय, तिथं हिंडायचंय, तिथंच जेवायचंय. "तिथं काय आहे?" हा प्रश्न त्यानं खरोखर कुतूहलानं विचारला, म्हणून राग आला नाही. हा माणूस वर्षानुवर्षं त्या गावाच्या उशाशी गाड्या पाठवतोय आणि गाव त्याच्या लेखी नकाशात नाही.

आम्ही राहतो आनंदवल्लीत. रघुनाथराव आणि आनंदीबाईंच्या नावानं ओळखली जाणारी ही वस्ती, गोदावरीच्या काठावरची. आता इथं राघोबादादांपेक्षा फ्लॅटचे दर जास्त निघतात, ते असो. माझे मामा निफाड तालुक्यात शाळेवर इतिहास शिकवायचे. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. ते दिवाळीत आले तेव्हा म्हणाले, "तुमच्या घराखालून जाणारं पाणी कोपरगावला राघोबादादांच्या वाड्यापाशी जातं, आणि तुम्ही तो वाडा पाहिलेला नाही." झालं. जाऊबाई, वन्सं, आमचे हे, मामा आणि मी, अशी पाच माणसं. त्यासाठी गाडी ठरवली. हे त्या गाडीबद्दल आणि त्या दिवसाबद्दल.

आधी पैशांचं. सात सीटची गाडी, किलोमीटरला १४ रुपये, दिवसाला किमान ३०० किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता ४००, टोल आणि पार्किंग पावतीप्रमाणे. मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे 'किमान' हा शब्द दिसला की कागद उजेडात धरते. आनंदवल्लीहून कोपरगावला जाऊन-येऊन होतात दोनशेच्या आसपास. म्हणजे शंभर किलोमीटरचे पैसे तुम्ही गाडी न फिरवताच देणार. पॅकेजवाल्यांचा धंदा यावरच चालतो, त्यात गैर काही नाही, पण मग ते शंभर वापरायचे. म्हणून बेत असा आखला: जाताना सिन्नरवरून, कोपरगाव, तिथून पुणतांबा, आणि परतताना येवला-निफाडवरून. घरी आल्यावर मीटरवर २६४ झाले होते. पुणतांबा आणि येवला हे दोन्ही एका अर्थी फुकटात पडले. माणशी हजाराच्या आत खर्च.

मालकाकडून सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं: दर, भत्ता, वेटिंग वेगळं नाही, रात्री दहापर्यंत परत. आणि मामांसाठी गाडीत चढायला एखादा पाट किंवा स्टूल ठेवा म्हणून सांगितलं. अपेक्षा नव्हती, पण गाडी आली तेव्हा डिकीत निळं प्लास्टिकचं स्टूल होतं. दिवसभरात त्या स्टुलानं जेवढी सेवा केली तेवढी एसीनं केली नाही. एसी पुढं बर्फ आणि मागच्या रांगेत नुसता आवाज. मागच्या सीटवर नवीन कव्हर घातली होती, त्या नादात सीटबेल्टची बक्कलं कव्हराखाली गाडून टाकलेली. वन्संनी हात घालून घालून शेवटी एक बाहेर काढलं. ड्रायव्हर म्हणाला, "मागं कोणी लावतच नाही ओ." मी म्हटलं, आम्ही लावतो. त्यानं शिंदे टोलनाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन दुसरं बक्कल मोकळं करून दिलं. हे त्याच्या खात्यात जमा.

सिन्नरला नाश्ता. गोंदेश्वर रस्त्यापासून लांब नाही, आणि मोह होतोच, पण माझं ऐका, जोडून करू नका. मधे महादेव आणि चार कोपऱ्यांत चार देवळं असं ते पंचायतन आहे, यादवांच्या काळचं. एकदा आत गेलात की शिल्पं बघता बघता दुपार होते. त्याला वेगळी सकाळ द्या.

सिन्नर ते सावळीविहीर रस्ता चांगला. सावळीविहीर फाट्यावर उजवीकडे वळलं की शिर्डी, डावीकडे दहाएक किलोमीटरवर कोपरगाव. इथं तो प्रसंग आला ज्याची मी वाट पाहत होते. ड्रायव्हरदादानं गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "काकू, इथवर आलोच आहोत तर दर्शन करून टाका ना. तासाभराचं काम." मी नको म्हटलं. "आज मंगळवार आहे, गर्दी नसते." जाऊबाईंचं मन पाघळायला लागलं होतं. मामा पुढच्या सीटवरून म्हणाले, "दादा, मी बाबांना सकाळीच घरून नमस्कार केलाय. डावीकडे घ्या." मग त्यानं डावीकडे घेतली, आणि नंतर जेवताना स्वतःच सांगितलं की शिर्डीत त्याच्या ठरलेल्या हॉटेलात ड्रायव्हरला जेवण फुकट असतं. असं तोंडावर सांगणारा माणूस मला आवडतो. त्याचं जेवण आम्ही दिलं.

कोपरगाव बेट हा या दिवसाचा गाभा. बेट म्हटलं तरी गाडी थेट जाते, मामांसारख्यांना चालायला फार नाही. आमच्या नाशिक जिल्ह्यातले पुष्कळ लोक इथं जनार्दन स्वामींच्या समाधीला येतात. गाड्यांच्या मागच्या काचेवर 'जय बाबाजी' लिहिलेलं दिसतं ते हेच बाबाजी. पण आम्ही आलो होतो शुक्राचार्यांसाठी. दैत्यांच्या गुरूचं देऊळ, आणि जवळच देवांच्या गुरूचा मुलगा कच याच्या नावाचा कचेश्वर महादेव. दोन्ही देवळं आणि मधली ती गोष्ट, यात मामांनी अर्धा तास रंगवला.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी मामांच्या चालीनं सांगते. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या दैत्यांच्या बाजूला, देवांकडे नाही. म्हणून बृहस्पतीनं आपला मुलगा कच याला शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून पाठवला. हेतू उघड होता, तरी गुरूनं ठेवून घेतला. दैत्यांनी त्याला मारला, शुक्राचार्यांच्या मुलीनं, देवयानीनं, हट्ट धरला, गुरूनं जिवंत केला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दैत्यांनी जाळून त्याची राख मद्यात कालवली आणि ते गुरूलाच पाजलं. आता कच गुरूच्या पोटात. त्याला बाहेर काढायचा तर गुरू मरणार. मग शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला तिथल्या तिथं संजीवनी शिकवली; तो पोट फाडून बाहेर आला आणि त्यानं गुरूला उठवलं. विद्या पदरात पडली, कच निघाला. देवयानी म्हणाली, लग्न कर. तो म्हणाला, मी तुझ्या बापाच्या पोटातून आलो, तू माझी बहीण. मग दोघांचे एकमेकांना शाप. इथल्या पंचक्रोशीत साखर कारखान्यापासून कॉलेजपर्यंत 'संजीवनी' नाव का आढळतं, ते इथं कळतं.

आणि त्याच शुक्राचार्यांच्या देवळात आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागत होतं. मांडव नाही, बँड नाही. पन्नासेक माणसं, नवरी पिवळ्या साडीत, मुंडावळ्या वाऱ्यानं सारख्या कानामागे जात होत्या आणि करवली त्या पुढं ओढत होती. एक सातआठ वर्षांचा मुलगा अक्षतांचा स्टीलचा डबा छातीशी धरून प्रत्येकापुढं जात होता. आमच्याकडे पाहून क्षणभर थबकला, ओळखीचे नाहीत, मग काय वाटलं कोण जाणे, आमच्याही हातावर चिमूट चिमूट टाकल्या. मंगलाष्टकांच्या शेवटी आम्ही पाचही जणांनी अक्षता टाकल्या. तिथं समजलं की या देवळात लग्नाला मुहूर्त लागत नाही, अशी इथली श्रद्धा आहे. पंचांगात शुक्राचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त नसतात हे आपण जाणतो. पण जिथं शुक्रच बसलेला आहे तिथं अस्त कसला, असा त्यामागचा हिशेब. मामांना तो पटला. वन्सं मात्र चप्पल घालता घालता म्हणाल्या, "स्वतःच्या लेकीचं जमलं नाही, म्हणून आता गावाची जमवतोय."

तिथून राघोबादादांचा वाडा. आधीच सांगते, शनिवारवाड्यासारखं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. आणि जाण्यापूर्वी आत सोडतात का याची गावात चौकशी करा. सरकारी बंदोबस्ताचं काय आहे ते त्या त्या दिवशी कळतं. आम्हाला आत जायला मिळालं. पाहण्यासारखं आहे ते लाकूडकाम. मान वर करून छताची नक्षी बघायची, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबायचं. मामांनी मोबाइलचा टॉर्च लावून एका तुळईच्या टोकावर धरला: पाकळीमागे पाकळी, आणि पाकळीच्या कडेला पटाशीचा बारीक घाव तसाच राहिलेला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या सुताराचा हात तिथं जरा सटकला असणार. आमचे हे म्हणाले, "फिनिशिंग राहिलं." मामांना ते आवडलं नाही.

रघुनाथरावांबद्दल मामा बोलायला लागले की मधे थांबत नाहीत. १७५८ मध्ये अटकेपर्यंत धडकलेल्या फौजांचा हा सरदार. १७७३ मध्ये पुतण्या नारायणरावाचा खून झाला आणि संशयाचं बोट कायमचं याच्यावर आलं. मग इंग्रजांच्या आश्रयाला जाणं, १७७५ चा सुरतेचा तह, युद्ध. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला त्यात या माणसाची सोय ठरली: महिना २५ हजार रुपये, आणि गादीचं नाव काढायचं नाही. पेन्शनच्या फायली हाताळण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मला तो आकडाच सगळ्यात बोलका वाटला. दीडेक वर्ष लाभला असेल फार तर. डिसेंबर १७८३ मध्ये राघोबादादा गेले. धाकटा मुलगा चिमाजी त्यानंतर जन्मला. त्याचा मोठा भाऊ दुसरा बाजीराव, म्हणजे पुढं शेवटचा पेशवा झाला तो, तेव्हा आठनऊ वर्षांचा. आनंदीबाई त्या पोरांना घेऊन काही वर्षं इथं राहिल्या आणि नंतर आमच्या आनंदवल्लीला आल्या. मी रोज ज्या थांब्यावर भाजी घेते त्या नावाची बाई या खोल्यांतून वावरली, हे छताखाली उभं राहिल्यावर जरा निराळं लागतं.

नदी. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, 'गंगेवर जाऊन येते' म्हणतात. इथं ती रुंद आहे, नाशिकच्या काँक्रीटच्या काठांनंतर डोळ्यांना मोकळं वाटतं. पण तिचं पाणी तिचं राहिलेलं नाही. गंगापूर, दारणा या वरच्या धरणांतून सुटलेलं पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर अडतं, तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे याच भागाकडे येतात, आणि उरलेलं जायकवाडीकडे. दर दुष्काळात नाशिक, नगर आणि मराठवाडा यांची भांडणं लागतात ती या पाण्यावरून. ड्रायव्हरदादाचा या विषयावरचा अभ्यास मामांच्या तोडीचा निघाला. त्याची शेती सिन्नर तालुक्यात, कालव्याच्या टोकाला. आवर्तन कधी सुटलं, किती दिवस चाललं, सगळं तोंडपाठ. गाडीत एरवी मोबाइलवर रील बघणारा हा माणूस पाण्याचं निघाल्यावर गाईडसारखा बोलायला लागला.

जेवण बसस्टँडच्या भागातल्या एका साध्या खानावळीत. नाव देत नाही, कारण तिथं पाटीच धड नव्हती. शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा, १४० रुपये ताट. शेवभाजीवर तर्री बोटभर, शेव जाड आणि वाढताना वरून घातलेली, त्यामुळे लगदा झालेला नाही. ही गोष्ट नाशकातल्या भल्याभल्या हॉटेलांना जमत नाही. भाकरी तव्यावरून थेट ताटात. भात मात्र सकाळचा होता, तो सोडा. हात धुवायच्या जागेपलीकडे बायकांसाठी स्वच्छतागृह होतं, कडी लागत होती आणि पाणी होतं. आमच्या वयाच्या बायका सहल आखताना देवळांच्या आधी हे बघतात, म्हणून लिहिलं. पुणतांब्याच्या घाटावर मला तशी सोय दिसली नाही; इथंच उरकून घ्या.

पुणतांब्याचा रस्ता उसातून जातो. आम्ही गेलो नोव्हेंबरच्या अखेरीस, गाळप सुरू झालेलं. ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस आडवातिडवा बाहेर आलेला, वर स्पीकर, मागं रिफ्लेक्टर नाही. दिवसा ठीक आहे. अंधार पडल्यावर या रस्त्यावर गाडी घालू नका, ड्रायव्हर कितीही सराईत असो. आमच्या दादानं एकदाही ओव्हरटेकची घाई केली नाही.

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून, सापाचा चाबूक करून ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेला योगी, ही गोष्ट चौथीच्या मुलालाही येते. मला त्याच्या आधीची जास्त आवडते: पत्र लिहायला बसला, मायना काय घालावा सुचेना, ज्ञानेश्वर वयानं लहान पण अधिकारानं मोठे, म्हणून शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं होऊन हा कोराच राहिला. आणि ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर दिलं. ऑफिसात कोरी टिपणी आली तर आम्ही परत पाठवायचो.

घाट दगडी, पायऱ्या उंच. आधाराला काही नाही. मामा वरच्या पायरीवर निळ्या स्टुलावर बसले, आम्ही खाली पाण्यापर्यंत गेलो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वरूनच बघावं, वरूनही नदी छान दिसते. कडेला पाणवेली, मधे संथ हिरवं पाणी, पलीकडे पंपांच्या पाइपांची रांग. घाटावर दोन म्हातारे बसले होते, मामांची त्यांच्याशी लगेच जोडी जमली. विषय अर्थातच संप. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची ठिणगी याच गावच्या ग्रामसभेत पडली होती. आम्हाला नाशकात तो आठवतो तो बाजार समितीत न आलेल्या भाजीमुळे आणि रस्त्यावर ओतलेल्या दुधामुळे. त्यांना तो कसा आठवतो हे ऐकण्यात पाऊण तास गेला, आणि तो या सहलीतला सगळ्यात चांगला पाऊण तास होता. पॅकेजच्या वेळापत्रकात असा पाऊण तास कुठं बसवणार? ड्रायव्हरदादा घड्याळाकडे बघत होता खरा, पण हॉर्न वाजवला नाही.

येवल्याबद्दल थोडक्यात. पोचलो तेव्हा सव्वापाच. मामांना मुक्तिभूमी बघायची होती, बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्मांतराची घोषणा केली ती जागा. जाऊबाईंना पैठणी. दोन्हीला अर्धा अर्धा तास दिला. मुक्तिभूमीला तो पुरला, पैठणीला कधी पुरेल? दुकानात दादा न सांगता आत आला आणि कोपऱ्यात उभा राहिला, तेव्हा मला शंका आली. विणकराच्या घरी माग बघायला नेतो म्हणाला. नेलं, माग खरा होता, पण शेवटी तिथंही साड्या उलगडल्याच. घ्यायची नसेल तर सरळ नाही म्हणा, कुणी वाईट मानत नाही. जाऊबाईंनी घेतली.

घरी सव्वाआठला. आता बिल. ४,२०० भाडं, ४०० भत्ता, टोलच्या पावत्या, आणि त्याखाली 'वेटिंग ३००'. मी त्यांनाच त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज पुढं पाठवला, खाली एक शब्द लिहिला नाही. पाच मिनिटांत सुधारित बिल आलं, 'सॉरी काकू, मुलानं चुकून टाकलं'. कुठल्या मुलानं ते विचारलं नाही. या एजन्सीचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नाशकातल्या बहुतेक सगळ्यांचं वागणं याच मापाचं आहे: बोली लिहून घेतलीत तर व्यवहार सरळ, तोंडी ठेवलात तर वाढतो. गाडी ठीक, मागचा एसी नापास, स्टुलाला पैकीच्या पैकी. फेब्रुवारीत नेवाशाला जायचं मामांच्या डोक्यात आहे. याच मालकाला फोन करणार आहे, पण दादा हाच हवा असं आधी सांगून, आणि सीटकव्हरं काढून.